ग्लासबाईंचा घोट

रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती नगरपालिकेच्या पाणी विभागात चिकटली, तेव्हा आत्या म्हणाली होती, "एवढं शिकलीस ती पाणी ढवळायला?" पण पोरगी हट्टी. टाकी धुतली, तपासणीत पाणी ठीक निघालं, की चौकातल्या नळावर सगळ्यांदेखत पहिला ग्लास ती प्यायची. मगच बायका घागरी लावायच्या. छापील दाखल्यावर कोण विश्वास ठेवतंय! तिचं नाव पडलं ग्लासबाई.

पुढे ग्लासबाई राज्याच्या मोठ्या कार्यालयात गेल्या, केस पिकले. संचालकपदाची ऑर्डर आज-उद्या निघणार, अशात त्यांच्याच गावात नव्या जलशुद्धीकरण केंद्राचं उद्घाटन निघालं. मंत्री, हार, कॅमेरे, सगळा लवाजमा हजर. नव्हता तो फक्त जंतूंच्या तपासणीचा निकाल. तो दुसऱ्या दिवशी यायचा होता.

सचिवांनी भरलेला ग्लास त्यांच्या हातात दिला. "बाई, तुमची ती जुनी पद्धत. घ्या एक घोट."

"साहेब, निकाल यायचाय."

"अहो, मंत्री ताटकळलेत! एका घोटानं मरताय का?" सचिव कॅमेऱ्याकडे बघून हसत पुटपुटले, "आणि तुमची ऑर्डर माझ्याच टेबलावर आहे, विसरू नका."

ग्लासबाईंना स्वतःची भीती नव्हती हो, पोट बिघडलं तर गोळ्या घेतल्या असत्या. पण पहिल्याच रांगेत आत्या बसलेली, जिनं त्यांना लहानाचं मोठं केलं ती. म्हातारी आपला ग्लास भरून तयार, डोळे भाचीच्या ओठांवर. तिच्यामागे घागरी, बाटल्या, कडेवरची पोरं. ग्लासबाईंनी ग्लास उचलला. आत्यानंही आपला उचलला.

त्यांनी पाणी शेजारच्या कुंडीत ओतलं.

"आज हे कोणी पिऊ नका. जुनंच पाणी वापरा."

मंत्र्यांचं तोंड उतरलं, सचिवांचा तिळपापड झाला. संध्याकाळीच फोन आला: संचालकपद विसरा, पुन्हा त्याच नगरपालिकेत रुजू व्हा.

आणि गंमत बघा, दुसऱ्या दिवशी निकाल आला. पाणी अगदी स्वच्छ! टवाळांना नुसता ऊत आला.

नवं पाणी सुटलेल्या चौकातल्या नळावर ग्लासबाई उभ्या होत्या, तिथे आत्या तणतणत आली. "चांगलं होतं ना गं? मग काल एक घोट घेतला असतास तर काय बिघडलं असतं? हातातोंडाशी आलेली खुर्ची घालवलीस!"

"काल मला ते माहीत नव्हतं, आत्या. आणि तू माझ्याकडे बघत होतीस."

ग्लासबाईंनी नळाखाली ग्लास धरला आणि सगळ्यांदेखत पिऊन रिकामा केला.

आत्यानं आपला ग्लास पुढे केला. "भर," ती म्हणाली.