घरचं औषध

माझा भाऊ समाधान वाईट नाही, मुखदुर्बळ आहे. पण कधी कधी वाईट माणूस परवडला, निदान तो बोलतो तरी.

तळवड्याला एका लहानशा कंपनीत तो कामाला आहे. तिथे उंदराचं एक प्रथिन तयार करतात. ते म्हणे उंदराच्या पेशीच्या बाहेरच्या अंगावर असतं. त्याचा जीन, म्हणजे जनुक, दुसऱ्याच पेशींत घालायचा, त्या पेशी वाढवायच्या आणि त्यांनी तयार केलेलं प्रथिन गाळून घ्यायचं. शेवटी हाती काय, तर करंगळीएवढ्या बाटलीत चिमूटभर पांढरी पूड. कॅन्सरवर संशोधन करणारे लोक ती विकत घेतात, उंदरांवर प्रयोग करतात. माणसाला द्यायची नाही असं बाटलीवरच छापलेलं असतं. हे सगळं मला आता कळलंय. तेव्हा घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

नोकरी लागली तेव्हा अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, विचारलं की तुम्ही बनवता काय. हा म्हणाला, कॅन्सरच्या कामाला लागतं. झालं! अण्णा मूळचे लातूरकडचे, भोसरीच्या एका कंपनीतून, पत्रे दाबायच्या प्रेसशॉपमधून, रिटायर झालेले, तंबाखूची पिशवी कायम खिशात. त्यांनी आमच्या काळेवाडीभर करून टाकलं की पोरगा कॅन्सरचं औषध बनवतो. समाधानसाठी वर्षालीला बघायला गेलो तेव्हा तिच्या वडिलांपुढेही तेच. समाधान कपातल्या चहात बघत बसला. पाहुण्यांसमोर बापाला खोटं कसं पाडायचं? तिथवर ठीक होतं हो. पण लग्न झालं, वर्षाली घरात रुळली, तरी हा आपला मूग गिळून गप्प. झाकली मूठ सव्वा लाखाची.

यंदा भाऊबीजेला मी माहेरी गेले. ताटात चकली तशीच ठेवून अण्णा दुधात पोळी कुस्करून खात होते. दात दुखतोय का विचारलं, तर नुसती मान हलवली. मी कसली ऐकते! खिडकीपाशी नेऊन त्यांना तोंड उघडायला लावलं. पुरतं उघडेचना. गालाच्या आत ही एवढी जखम. उन्हाळ्यापासून होती. वर्षालीला त्यांनी तिखट सोसत नाही एवढंच सांगितलेलं. मी चिडले, दवाखान्यात का गेला नाहीत म्हणून.

"घरातच औषध बनतंय की गं," अण्णा म्हणाले. "तयार झालं की देईल तो. पोराच्या मागं तगादा कशाला लावायचा?"

आणि मला ते पटलं बघा. मीसुद्धा आमच्या सोसायटीत भावाचं कौतुक सांगत फिरणारी. समाधानला बाजूला घेऊन विचारलं, तुझं औषध कधी तयार होणार? जिन्यात बसून त्याने मला सगळं सांगितलं. माझा हात उठला होता, पण सणाचा दिवस होता.

डॉक्टर म्हणाले, कॅन्सरच आहे, चार-पाच महिने आधी आणायला हवं होतं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी समाधान खाटेपाशी बसला आणि खाली मान घालून बोलला. म्हणाला, अण्णा, मी करतो ते उंदराचं आहे, माणसाला चालत नाही. अण्णांनी पंख्याकडे बघतच विचारलं,

"उंदराला तरी गुण येतो का?"

"कधी कधी येतो," समाधान म्हणाला.

"बरं. लोकांना सांगू नको. चारचौघांत माझी मान राहू दे."

ऑपरेशन झालं, पण अण्णा त्यातून सावरले नाहीत. मोशीला इंद्रायणीच्या घाटावर दहावा केला. तिथे त्यांच्या कंपनीतले साहेबराव भेटले. गालात तंबाखूची गोळी तशीच. सगळ्या पाहुण्यांदेखत त्यांनी समाधानचा हात धरला. म्हणाले, माझ्याबी गालात कायतरी आलंय, तुझं औषध झालं की मलाबी दे बाबा.

समाधान नुकतंच मुंडण करून, ओल्या पंच्यावर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. वडिलांचा शब्द मोड म्हणू, की पाळ म्हणू?

"काका, मी औषध बनवत नाही," तो म्हणाला. "कधीच बनवत नव्हतो. अण्णांना मी तसंच वाटू दिलं. तुम्ही आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात चला."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. वर्षालीच्या वडिलांनी तोंड फिरवलं. समाधानने अंगात शर्ट अडकवला, साहेबरावांना गाडीवर मागे बसवलं आणि निघून गेला.

मी तिथेच पायरीवर बसून रडले. राग होता, दुःख होतं, काय काय होतं. एवढंच बोलायचं होतं त्याला. उन्हाळ्यात बोलला असता तर अण्णांनी चार दिवस तोंड फुगवलं असतं आणि आज ते जिवंत असते.