‘निवांत’ नावाचा कप्पा

कुपवाडच्या कारखान्यात सुमंतच्या टेबलावर कागदाचा कपटा टिकत नसे. पसारा दिसला की त्याचं डोकंच फिरायचं. नव्व्याण्णव साली ऑफिसात ई-मेल सुरू झालं आणि तिथेही पसारा झाला. त्यातून मधुकाका. सुमंतला हाताखाली घेऊन काम शिकवणारे हे काका निवृत्त होऊन वाईला राहिले होते आणि मुलाच्या कॉम्प्युटरवरून रोज लिहायचे: कृष्णेला पाणी किती चढलं, घाटावर कोण भेटलं. सुमंतने वैतागून सोय करून टाकली. काकांचं पत्र आलं, की न उघडताच आपोआप ‘निवांत’ नावाच्या कप्प्यात जाऊन पडायचं. इनबॉक्स कसा लख्ख!

दिवाळीच्या सुट्टीआधी एकदाचा त्याने तो कप्पा उघडला. सगळ्यात वरचं पत्र काकांच्याच पत्त्यावरून आलेलं, पण मुलाने लिहिलेलं होतं. ‘बाबा गेले.’ त्याला महिना उलटून गेला होता.

मयताचं कार्ड घरात ठेवायचं नाही, वाचलं की फाडायचं, ही त्याच्या घरची रीत. त्याने ते पत्र पुसून टाकलं. मग त्याच्या खालचं, काकांनी स्वतः लिहिलेलं शेवटचं पत्र उघडलं.

‘सुमंत, तू कामात असशील. म्हणून आज दोनच ओळी लिहितो.’