'म्हातारी'चं जर्मन भाषांतर

मंडळी, बाडेन-बाडेनहून आत्ताच कार्ल्सरूहेला परत आलेय आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

आम्ही चार मराठी कुटुंबं गाइडबरोबर ते जुनं शहर पायी बघायला गेलो होतो. सत्तरीच्या गाइडबाई रोमन लोकांची स्नानगृहं, गरम पाण्याचे झरे, सगळं जीव ओतून सांगत होत्या. आमची जनता सेल्फीत दंग.

ग्रुपचे स्वयंघोषित पुढारी मोठ्याने म्हणाले, "ही म्हातारी बोलते किती! जेवायला कधी सोडणार?" सगळे खिदळले.

बाईंनी हसतच माझ्या आठ वर्षांच्या सईला जर्मनमध्ये विचारलं, "काका काय म्हणाले गं?"

सईने शब्दन् शब्द सांगून टाकला.

बाई म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर, बोलते मी खूप. अजून अर्धा तास बोलणार आहे." आणि पुढे चालू लागल्या.

पुढारी माझ्यावरच घसरले. "वहिनी, मुलीला जरा वळण लावा."

"तिने खोटं काय सांगितलं, भाऊजी?" मी विचारलं. ते फुगून बसले ते ट्रेनमध्येही बोलले नाहीत. बरंच झालं!

आपली भाषा समोरच्याला कळत नाही म्हटलं की आपण इतके हलके का होतो हो? मी हसले नव्हते, पण सईआधी तोंडही उघडलं नव्हतं. तुम्ही उघडलं असतंत?