टेक्सासचा निरंक

आमचे हे, म्हणजे वैजनाथराव, मोताळ्याच्या एका सरकारी कार्यालयात बाबू होते. रिटायर झाले, पण बाबूपण काही गेलं नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते खोटं नाही. मी भाजीत मीठ टाकायले विसरली तं हे ताट पुढं सारून म्हणतात, त्रुटी आहे. आता अशा माणसासंग संसार केला म्हणजे मले पद्मश्री नाही तं निदान एक नारळ तरी द्यायले पाहिजे.

इरा आमची एकुलती एक पोरगी, अमेरिकेत ॲरिझोनाले शिकते. गेली तेव्हा रोज फोन करे, मंग आठवड्यानं, मंग महिन्यानं. विचारलं तं म्हणे, काही विशेष नसते आई, काय सांगू? अन् आलाच फोन तं सारा बापाले. माझ्या वाट्याले शेवटचं "ठेवू का" तेवढं.

यंदा मार्चात तिच्या तोंडून निघून गेलं का तिनं गेल्या वर्षभरात तीन राज्यांत काम केलं. ॲरिझोनात कॉलेजच्या लायब्ररीत, उन्हाळ्यात टेक्सासच्या कंपनीत, अन् मंग कॅलिफोर्नियात. तिकडं देशाचा इन्कमटॅक्स वेगळा अन् ज्या राज्यात कमावलं त्या राज्याचा वेगळा. एप्रिलच्या मध्यात मुदत संपते. झालं, हे खुर्चीतून उठलेच. शाळेच्या दाखल्यापासून पासपोर्टापर्यंत पोरीचा एकही फॉर्म ह्यायनं दुसऱ्याच्या हाताले लागू दिला नाही, मंग अमेरिकेचा काय मोठा लागून गेला?

निजामभाईच्या झेरॉक्सच्या दुकानातून पोरीनं धाडलेल्या कागदांचा छापील गठ्ठा आला. टाचण्या आल्या, टॅग आले, पिवळी फाईल आली. अन् रोज सकाळी चहाच्या वक्ताले, म्हणजे तिच्या तिन्हीसांजेले, स्पीकरवर तिचा फोन सुरू झाला. ह्यायचे प्रश्न ऐकून मले घाम फुटे. टेक्सासमधून कार्यमुक्त केल्याचा आदेश कुठं आहे? कॅलिफोर्नियात रुजू झाल्याचा अहवाल? पोरगी सांगे, बाबा, इथं काम संपलं का बॅग उचलायची अन् निघायचं. ह्यायले ते पटेच ना. असं कसं? मंग तुले हजर कोनी करून घेतलं?

त्यात तिनं सांगितलं का टेक्सासात राज्याचा इन्कमटॅक्सच नाही. ह्यायनं निजामभाईले विचारलं. त्यायनं मोबाइलवर पाहून खरं आहे म्हणून सांगितलं, अन् वरून म्हणे, चला, तिकडंच दुकान टाकू. घरी येऊन ह्यायनं फर्मान काढलं, टेक्सासले निरंक पाठव. निरंक म्हणजे कळवण्यासारखं काही नाही, असं लिहून कळवायचं. पूर आला नाही, साथ आली नाही, तरी ह्यायच्या हापिसातून निरंक अहवाल वर जायचाच. पोरगी खो-खो हसली. म्हणे, टेक्सासवाले घाबरतील बाबा, न मागता कोण कागद देऊन राह्यलं म्हणून.

पण एक दिवस तारखा जुळवता जुळवता ह्यायले खाडा सापडला. टेक्सासचं काम संपलं होतं, कॅलिफोर्नियाचं सुरू झालं नव्हतं, मधले दिवस तू कुठं होती? पोरगी हळूच म्हणे, "ताप होता बाबा. मैत्रिणीच्या घरी पडून होते. तुम्हाले घोर लागला असता, म्हणून नाही सांगितलं."

माझ्या हातातलं लाटणं तसंच राह्यलं. त्या दिवसांत इथं पोळा होता. लेकरू तिकडं तापानं फणफणत होतं अन् मी इथं शेजारपाजाऱ्यांले आग्रह करकरून पुरणपोळ्या वाढत होती. मले माझाच राग आला.

ह्यायनं चष्मा काढून ठेवला. "अहवाल आला नाही म्हणजे निरंक नसते, बेटा," हे म्हणाले. "म्हणजे आम्हाले काही माहीतच नसते."

त्या दिवसापासून ह्यायले पोरीच्या कागदांत त्रुटी जास्तच दिसू लागल्या. कधी पानाले नंबर नाही, कधी सही चौकटीच्या बाहेर. मुदत तोंडावर आली तरी फाईल हलेना. एकदा हे चालू फोन माझ्या हाती देऊन फाटकावर दूधवाल्याशी बोलत होते, तेवढ्यात इरा मले म्हणाली, आई, हे सारं मी केव्हाच भरून ठेवलं, एक बटन दाबायचं बाकी आहे, बाबाच थांब म्हणतात. मंग काय, माझं डोकं फिरलं. हे आत आले तं मी म्हटलं, दंड लागला तं तुमची पेन्शन धाडता काय अमेरिकेले? पोरगी शिकायले गेली आहे, तुमच्या टेबलासमोर उभी राहायले नाही.

हे फाईल मांडीवर घेऊन बसले. तोंड एवढंसं झालं होतं. "संपलं तं मंग ती काऊन फोन करीन?"

भांडायची सारी तयारी होती माझी, पण ह्यायनं असं विचारलं तं काय भांडता? दुपारी मी पोरीले मेसेज करून ह्यायचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. लपवण्यासारखं त्यात काय होतं? दुसऱ्या सकाळी ह्यायनंच तिले बटन दाबायले सांगितलं. देशाचे अन् टेक्सास सोडून बाकी दोन्ही राज्यांचे रिटर्न गेले. पिवळी फाईल कपाटावर गेली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी चहाचा वक्त झाला, फोन नाही. हे कपात पाहत बसले. चहा निवून गेला. मंग मोबाइल टुंग वाजला. ह्यायनं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं.

"विषय: दैनिक अहवाल. ताप निरंक. भांडण निरंक. पैशाची अडचण निरंक. आज खिचडी करपली, माहितीस्तव सादर. इरा."

ह्यायनं ते पुन्हा वाचलं. मंग एका बोटानं उत्तर टाइप करायले बसले. मी मागून डोकावून पाह्यलं. लिहिलं होतं, अहवालात आईचा रकाना नाही. त्रुटीपूर्ततेसाठी तात्काळ फोन करावा.

फोन वाजला. सवयीनं ह्यायचा हात पुढं गेला, पण रकाना माझा होता. मी उचलला.