दुसऱ्याच्या रानातले हंगाम

लष्कराच्या फुटबॉल संघात निवड झाली आणि मी वडूजहून साताऱ्याच्या एसटीत बसलो, तेव्हा निरोप द्यायला स्टँडवर कुणीच नव्हतं. दिवाळी उरकली होती आणि त्याच सकाळी आमची मेंढरंही चरायला मुलूख सोडून निघाली होती. गावाबाहेर गाडी अडली ती आमच्याच मेंढरांपायी. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. आबा, माझे वडील, काठी काखेत मारून खिडकीशी आले. "दुसऱ्याच्या रानात नीट बसायचं. आन् उठ म्हनला की उठायचं, रडायचं न्हाई." एवढंच बोलले. मेंढरं कडेला झाली, गाडी निघाली.

आबांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ते आपल्या धंद्याचंच बोलले. कोरेगावकडच्या बागायतदारांच्या रानात आम्ही मेंढरं बसवायचो. रात्री भोवती वाघर, म्हणजे दोरीचं जाळं, लावायचं. लेंड्यांचं खत रानाला, जोंधळे आम्हाला. पीक वर येईपर्यंत आम्ही कुठल्या कुठे गेलेलो. गाव सोडून पुण्याला, दुबईला गेलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

पुढे गुडघा गेला, खेळणं संपलं. कोचिंगचं लायसन्स काढलं आणि गोव्यातल्या एका क्लबात मिर्कोचा असिस्टंट झालो. मिर्को सर्बियाचा. बेलग्रेडला खेळला, मग ग्रीस, मग मलेशिया. पाय थकल्यावर कोच झाला. ज्या देशात तो जन्मला त्याचे तुकडे झाले. ते नावच आता नकाशावर नाही, हे तो चहात साखर कमी आहे म्हणावं तसं सांगायचा. त्याची बॅग कधीच पूर्ण रिकामी झालेली मी पाहिली नाही.

एकदा जेवताना त्यानं विचारलं, वडील काय करतात? मोडक्यातोडक्या इंग्रजीत मेंढरं बसवणं समजावलं. तो जेवता जेवता थांबला.

"मग त्या शेतातलं पीक तुझे वडील बघतात?"

"नाही. तोवर पुढे गेलेले असतात."

"म्हणजे कोचच की," म्हणाला आणि हसला. मलाही हसू आलं, पण घास गोड लागला नाही.

कारण तसंच चाललं होतं. गोव्यात पोरं तयार केली, चार मॅच हरल्यावर आम्हाला नारळ दिला. पुढच्या साली तीच पोरं कप जिंकली, पेपरात फोटो तिसऱ्याचाच. मग शिलाँग, मग केरळ. फॉर्मेशन, रिकव्हरी, व्हिडिओ कॉल. भाड्याची खोली आणि तीच डाळ. आबांना एकदा फोनवर मैदान दाखवलं. गोलची जाळी बघून म्हणाले, "ही कसली रं वाघर? म्होरनं उघडीच!" त्या दिवशी पोटभर हसलो. बाकी आता खरंच थकलोय.

या वर्षी केरळातूनही उठलो आणि घरी आलो. मागोमाग मिर्कोचा फोन: ताश्कंदचा क्लब मिळालाय, चल. इकडे वडूजच्या शाळेनं पोरींच्या टीमसाठी विचारलेलं.

सकाळी बाहेर आलो तर आबा उरलीसुरली मेंढरं आमच्याच खडकाळ तुकड्यात घालत होते.

"आबा, आवं आपल्या रानात?"

"मग? जलमभर लोकांची रानं पिकवली. ह्यात कवा एक लेंडी पडली न्हाई." वाघरीचं एक टोक माझ्याकडे टाकून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुजं काय? परत कुनाच्या रानात?"

मी मेख ठोकली, टोक बांधलं. शाळेला हो म्हटलं आणि मिर्कोला कळवलं, येत नाही. आमच्या रानात कधी मेंढरं बसली नव्हती, ती बसवतोय. दुसऱ्या दिवशी ताश्कंदच्या विमानतळावरून त्याचं उत्तर आलं: 'माझ्यासाठी एक कोपरा ठेव.'

मराठीत करून आबांना सांगितलं. त्यांनी मिर्कोला कधी पाहिलेलं नाही.

"यिऊ दे की. लय फिरलाय गडी. म्हनावं, हितं उठ म्हननारं कोन न्हाई."