नाव घासलेलं गंगाळ

गावातल्या माणसांनी बौद्धवाडा जाळला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. त्या माणसांत माझे वडील होते. वाड्यातल्या लोकांनी गायरानात पेरलं होतं, एवढंच कारण. संध्याकाळी घरं पेटली, माणसं पावसात चिखलीच्या वाटेनं पळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी माय तिकडून एक पितळी गंगाळ घेऊन आली.

मायला वाचता येत नव्हतं. काठाखाली कोरलेली अक्षरं दाखवून तिनं विचारलं, "काय लिहलं हाय?"

मी वाचलं. आमच्या शेतात निंदायला येणाऱ्या बाईचं नाव होतं.

"घासून टाक," माय म्हणाली.

वडिलांची कानस घेऊन मी दोन दिवस ओट्यावर बसून ते नाव घासलं. काम नीट झालं म्हणून मायनं गुळाचा खडा दिला. तो मी खाल्ला. लग्न होऊन चिखलीला जाईपर्यंत त्याच गंगाळातल्या पाण्यानं मी अंग धुतलं.

पळालेली बरीच घरं पुढं परतली. आमच्या शेतात कामाला येऊ लागली. त्या संध्याकाळचा विषय कुणी काढला नाही. वडीलही न बोलताच गेले.

दोन वर्षांपूर्वी वाड्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेनं रविवारी समाजमंदिरात बैठका सुरू केल्या. गावातलेही काही जण जाऊ लागले. भाषणं नकोत, हारतुरे नकोत, असं ठरलं. ज्यानं जे नेलं ते त्यानं ज्याचं त्याला नेऊन द्यावं, आणि काय केलं ते स्वतःच्या तोंडानं सांगावं.

मी जीपनं गावी गेले. न्हाणीतून गंगाळ उचललं तशी माय दारात आडवी आली.

"कुठं नेऊन राह्यली ते?"

"ज्याचं त्याले द्याले."

"इतके वर्स मी वापरलं. माहं हाय."

तिनं गंगाळाची कडी धरून ठेवली. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. फार जोर लावावा लागला नाही.

समाजमंदिरात गावाकडून आम्ही चौघंच होतो. एकानं जातं आणलं होतं, एकानं घराचं दार. जिचं नाव मी घासलं होतं ती बाई सतरंजीवर बसली होती. मी गंगाळ तिच्यापुढं ठेवलं.

"मावशी, हे तुमचं."

"मी मावशी कवापासून झाली? लहानपनी तर नाव घेऊन हाक मारे तू."

"हो. मारत होते."

तिनं काठाखालून हात फिरवला. "नाव कोनं काढलं?"

"मी."

"किती वेळ लागला?"

"दोन दिवस."

"त्याच दोन दिवसात माही तान्ही पोर चिखलीच्या स्टँडवर मेली. तापानं. आता सगळ्याईले सांग, तवा तू काय करत होती."

मी सांगितलं. गुळाचंही सांगितलं. मला रडू आलं, पण कुणी जवळ आलं नाही.

"आता डोक्यावर घे," ती म्हणाली, "आन् माह्या घरी पोचवून दे. पारावरून चाल."

पारापुढंच माझ्या भावाचं घर आहे. तो दारात उभा होता. मी समोर आले तेव्हा तो माझ्या पायाशी थुंकला. "आजपासून तुले माहेर नाही," म्हणाला. बाई माझ्या मागून चालत होती. तिनं ऐकलं, पण पाऊल थांबवलं नाही.

तिच्या अंगणात मी गंगाळ उतरवलं. तिनं त्यात पाणी ओतलं आणि शेळी सोडली.

"मानूस नाही न्हात आता याच्यात," ती म्हणाली. "तुमी न्हाले."

मी अजूनही रविवारी जाते. कुणी नवं माणूस आलं की ती मला उभं करते आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लावते. परवा एका म्हाताऱ्यानं माझं ऐकून आपलंही सांगितलं, घरं पेटवल्याचं. तिनं मला माफ केलेलं नाही. मीही तसं मागितलेलं नाही.

माय आता प्लास्टिकच्या बादलीतून अंघोळ करते. घरी कुणीही आलं की सांगते, "माही पोरगी चोर निघाली."