मी निवडलेलं शहर
मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरून जाताना सोल्डरचा वास आला, की मला रांजणगावच्या कोरियन कंपनीची बस आठवते. लग्नाआधी मी तिथं टीव्हीच्या सर्किटवर सोल्डरिंग करायचे. एका सकाळी शिरूरहून बस निघाली आणि शेजारी बसलेल्या मैत्रिणीनं विचारलं, "समज, पैसा कवाच संपत न्हाई. मग जगात कुठल्या शहरात राहशील गं?" कुणी लंडन म्हणालं, कुणी दुबई. मी म्हणाले, "कोरियातलं सोल." कंपनीत आमच्या कामाच्या लाइनजवळच्या कॅलेंडरवर त्या शहराची नदी होती आणि काठानं बायका एकट्याच सायकलवर चालल्या होत्या. सगळ्या हसल्या. त्याच वर्षी कंपनीनं ट्रेनिंगला सोलला पाठवायला मला निवडलं. पण तोवर लग्न ठरलं होतं. सासरचे म्हणाले, "पोरगी परदेशात जाणार असंल, तर आमी दुसरं स्थळ बघतो." वडिलांनी लग्नाची तारीख पक्की केली. माझ्या जागी ती मैत्रीण गेली. परतल्यावर मला भेटायला आली आणि म्हणाली, "लई थंडी हाय गं तिथं. तुला सोसलीच नसती." मी म्हणाले, "व्हय." तिच्या पर्समधून फोटोंचं पाकीट डोकावत होतं. तिनं ते काढलं नाही, मीही मागितलं नाही. आता वाटतं, मागायला हवं होतं.